दर चार दिवसांनी एक कैलास

हिरव्या मिरचीच्या हंगामात सिल्लोड तालुक्यातल्या आमठाण्याच्या किंवा शिवन्याच्या बाजारात संध्याकाळी उभे राहिले, की माणसे मिरचीकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघताना दिसतात. पोते काट्यावर चढले की शेतकरी, हमाल आणि व्यापाऱ्याचा माणूस, तिघांच्याही माना एकाच आकड्याकडे वळतात. कडता किती धरला, बारदान वजा केले का, काटा आधी शून्यावर होता का, यावरून रोजची हुज्जत. अर्धा किलो इकडचा तिकडे झाला तरी आवाज चढतो. रात्री हाच माल ट्रकमध्ये भरला की ट्रक मोठ्या काट्यावर जातो आणि पावती निघते: भरलेले वजन, रिकामे वजन, निव्वळ वजन.

बाजार उठल्यावर तिथेच देठ, सडकी मिरची, फाटक्या गोण्या, चहाचे कप आणि राज्यात बंदी असलेल्या गुटख्याच्या पुड्या उरतात. त्यांचे वजन कुणी विचारत नाही. कचऱ्याच्या आकड्यांविषयी लिहायला बसलो तेव्हा हाच काटा डोळ्यासमोर आला. लहान गावांचा कचरा बहुतेक वेळा तोलला जात नाही, तो गुणाकाराने ठरतो. घंटागाडीच्या फेऱ्या गुणिले गाडीत मावणारा माल, नाहीतर लोकसंख्या गुणिले माणशी ग्रॅम.

तोच गुणाकार सिल्लोड शहरासाठी करू. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५८,२३०. त्यानंतर गाव किती वाढले ते नव्या वस्त्यांकडे बघून कळतेच, पण हिशेबाला छापील आकडा बरा. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक पुस्तिकेत लहान शहरांसाठी माणशी रोज २०० ते ३०० ग्रॅम कचरा धरतात. ३०० धरले तर रोजचे साडेसतरा टन. टन म्हटले की डोळ्यासमोर काही येत नाही, म्हणून आपल्या मापात बोलू. वाळू आणि मुरूम आपण ब्रासमध्ये मोजतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आपल्याकडचा मिसळलेला कचरा घनमीटरला साधारण अर्धा टन भरतो. म्हणजे रोजचे बारा ब्रास आणि वर्षाचे साडेचार हजार ब्रास. घर बांधताना दारात बारा ब्रास वाळू पडली तर शेजारी विचारायला येतात, मजले किती चढवणार म्हणून. इथे ती रोज पडते, आणि तिचे काही बांधून होत नाही.

दुसरा हिशेब मला जास्त छळतो. या साडेसतरा टनांतला निम्मा ओला धरू: भाजीची देठे, शिळी भाकरी, कलिंगडाची साले, केळीची पाने. ओल्या कचऱ्यात शंभरातले सत्तर भाग पाणीच असते. म्हणजे सहा टन पाणी, सहा हजार लिटर. आपल्याकडे उन्हाळ्यात गावात येतो तो लहान टँकर साधारण तेवढाच. ज्या मराठवाड्यात टँकरमागे हंडे घेऊन पळावे लागते, तिथले एक मध्यम शहर रोज एक टँकर पाणी डिझेल जाळून कचरा डेपोवर पोहोचवते. हे पाणी सुक्या कचऱ्यात मुरले की कागद रद्दीच्या भावाचा राहत नाही आणि प्लास्टिक धुतल्याशिवाय भंगारवाला हातात घेत नाही. ओला-सुका वेगळा करा, हे घंटागाडीवरचे गाणे ऐकून ऐकून कान किटले आहेत. त्या गाण्यात हा टँकर घातला असता तर कदाचित कुणी ऐकले असते.

मोठ्या आकड्यांकडे वळण्याआधी एक माप ठरवून घेऊ. आपल्याच जिल्ह्यात वेरूळला कैलास आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात अख्खा डोंगर वरून खाली कोरत गेले. त्यासाठी काढलेला दगड साधारण दोन लाख टन असावा, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. काही जण याहून जास्त सांगतात. आपण दोन लाखच धरू आणि त्याला म्हणू ‘एक कैलास’. लेणे बघायला शाळेची सहल जाते तेव्हा गुरुजी हमखास सांगतात, मुलांनो, हे करायला किती पिढ्या लागल्या असतील विचार करा. आता कचऱ्याला किती वेळ लागतो ते पाहा.

सिल्लोडला आपल्या साडेसतरा टनांच्या गतीने एक कैलास साठवायला एकतीस वर्षे लागतील. छत्रपती संभाजीनगरला दिवसाचे साडेचारशे टन धरले तर जवळपास सव्वा वर्ष. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अहवालात महाराष्ट्राचा रोजचा कचरा २२,६३२ टन आहे, म्हणजे नऊ दिवस. आणि देशाचा १,६०,०३८ टन. दोन लाखांना त्याने भागा: तीस तास. आज सकाळी घंटागाडीची घंटा वाजल्यापासून उद्या दुपारच्या जेवणापर्यंत, एवढ्यात एक कैलास. साऱ्या जगाचा हिशेब जागतिक बँकेने केला आहे. २०१६ साली २०१ कोटी टन, आणि असेच चालले तर २०५० मध्ये ३४० कोटी. २०१६ च्याच गतीने दिवसाला सत्तावीस कैलास भरतात.

पण माझे लक्ष प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या त्याच अहवालातल्या एका वजाबाकीवर अडकले. देशाच्या त्या १,६०,०३८ टनांपैकी प्रक्रिया झाली ७९,९५६ टनांवर. शास्त्रीय भराव-भूमीत पुरले २९,४२७ टन. उरले ५०,६५५ टन, आणि त्यांचा हिशेब लागत नाही. एका दिवसाचा नव्हे, रोजचा. दहा टनी ट्रक धरले तर पाच हजारांवर ट्रक. एकाला एक चिकटून उभे केले, प्रत्येकाला दहा मीटर जागा दिली, तर सिल्लोडहून निघालेली रांग अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरच्या पुढे जाईल. देशाचा सगळा कचरा उभा केला तर रांग संभाजीनगरपासून जळगावपर्यंत, पण ती निदान दिसते तरी. ही फर्दापूरची रांग कुणालाच दिसत नाही. दर चार दिवसांनी एक अख्खा कैलास हरवतो.

जातो कुठे? कुठे जाणार! नाल्यात, नदीपात्रात, बायपासच्या कडेला, रिकाम्या प्लॉटवर, गाईच्या पोटात, आणि बराचसा धुरात.

त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे: दरडोई रोज ११९ ग्रॅम. वाचून बरे वाटते. जगाची सरासरी ७४० ग्रॅम आणि आपली ११९! पण उलटा भागाकार केला तर १ लाख ६० हजार टनांना ११९ ग्रॅमने भागून १३४ कोटी येतात, म्हणजे देशाची सगळी लोकसंख्या. कचरा मोजला तो नगरपालिका-महानगरपालिकांनी कळवलेला, आणि वाटला मात्र खेड्यापाड्यांतल्या माणसांतही. अंधारी, गोळेगाव, उंडणगाव, भराडी इथली माणसे भागाकारात आहेत; त्यांच्या गावाबाहेरचा ढीग भाज्यात नाही. आपल्या काटकसरीचा हा आकडा निम्मा काट्याचाच दोष आहे. बाजारात असे कुणी केले असते तर काटा मारला म्हणून भांडण झाले असते.

मोजला न गेलेला कचरा किती वजनदार असतो ते संभाजीनगरने, तेव्हाच्या औरंगाबादने, २०१८ साली पाहिले. तीस-पस्तीस वर्षे शहराचा कचरा नारेगावला जात होता. तिथला धूर, माश्या आणि विहिरींचे नासलेले पाणी सोसून कंटाळलेल्या आसपासच्या गावकऱ्यांनी १६ फेब्रुवारीला गाड्या अडवल्या आणि त्यानंतर माघार घेतली नाही. उच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही नारेगावला कचरा टाकायला मनाई केली. शहराकडे दुसरी जागा नव्हती. रोज चार-साडेचारशे टनांची भर पडत राहिली. शंभर दिवसांचे धरले तरी चाळीस हजार टनांच्या वर. चौकात, दुभाजकावर, शाळेच्या भिंतीला लागून ढीग. जिथे कचरा नेऊ म्हणावे तिथले लोक रस्त्यावर. ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक, जाळपोळ, लाठीमार झाला. पुढे पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावे लागले आणि महापालिका आयुक्तांची बदली झाली. नंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी अशी प्रक्रिया केंद्रे विभागून उभी राहिली. तीस वर्षे एकाच गावाने सोसले ते शहराला तीन आठवडेही सोसवले नाही, याला दुसरे काय म्हणावे.

त्याच वर्षी ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने घनकचऱ्याचे धोरण ठरवले नाही म्हणून महाराष्ट्रासह काही राज्यांत नवी बांधकामे थांबवण्याचा आदेश दिला. कचऱ्यामुळे इमारती थांबतात, ही बातमी वाचून अनेक बिल्डरांना पहिल्यांदाच घनकचरा हा शब्द पाठ झाला असेल. पुढे या आदेशाला स्थगिती मिळाली.

नियमांची कमतरता नाही. १९९६ साली अलमित्रा पटेल कचऱ्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्यातून २००० चे नियम आले, मग ८ एप्रिल २०१६ चे. त्यात एक लाखाच्या आतल्या गावांनी प्रक्रिया केंद्र उभारायला तीन वर्षे, जुने ढीग निस्तरायला पाच. म्हणजे सिल्लोडएवढ्या गावांची पहिली मुदत २०१९ ला संपली, दुसरी २०२१ ला. आता १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत घरातच चार भाग करायचे आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि औषधे, बल्ब, रंगाचे डबे असा विशेष काळजीचा. दोन डब्यांचे गाणे अजून अंगवळणी पडले नाही तोवर चौथा डबा दारात आला.

मुदत चुकली की काय होते याचा सगळ्यात मोठा नमुना मुंबईत देवनारला आहे. १९२७ पासूनचा हा कचरा डेपो. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. देवनारची अशी आठ बारा-वर्षे उलटली. २०१६ च्या जानेवारीत तो पेटला तेव्हा धुराने शहर कोंडले. तिथे साठलेला जुना कचरा १८५ लाख टन, म्हणजे आपल्या मापात ब्याण्णव कैलास. तो तीन वर्षांत उकरून, चाळून हलवण्यासाठी मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये २,३६८ कोटी रुपयांची निविदा काढली. मुदत पाळायची तर एकही सुटी न घेता रोज सतरा हजार टन उचलावे लागतील. म्हणजे शहर दिवसाला जेवढा नवा कचरा करते त्याच्या दुपटीहून जास्त जुना कचरा उपसायचा. किलोला हिशेब केला तर सव्वा रुपयाच्या वर पडतो. कुण्या आजीने १९६५ साली खिडकीतून टाकलेल्या केळीच्या सालीचे पैसे आता नातवंडे भरत आहेत, आणि सालीची तर कधीच माती झाली. पैसे जातात ते माती, विटा, काच आणि न कुजलेले प्लास्टिक एकमेकांपासून सोडवायला. टाकताना फुकट होणारे काम शंभर वर्षांनी यंत्राने करायचे.

हेच काम आधी केले तर काय दिसते ते कोकणात वेंगुर्ल्याने दाखवले. बारा-तेरा हजार वस्तीचे गाव. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथल्या कचरा डेपोचे रूप पालटले. सुका कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा केला, विकला, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात गेले, आणि डेपो बघायला बाहेरगावची माणसे येऊ लागली. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायांची संघटना १९९३ पासून आणि त्यांची ‘स्वच्छ’ संस्था २००८ पासून हेच करते. त्या बायांना प्रत्येक जिन्नसाचा किलोचा भाव तोंडपाठ असतो: पुठ्ठा कितीला, दुधाची पिशवी कितीला. काटा त्यांच्याही हातात आहे, मिरचीवाल्यासारखाच.

परत सिल्लोडच्या शिवारात येऊ, कारण इथल्या एका कचऱ्याला अजून भागाकारातही जागा नाही. इथली मिरची आता वरंब्यावर मल्चिंग पेपर अंथरून लावतात. वरून चंदेरी, खालून काळा. त्याने तण थांबते, ओल टिकते, उत्पन्न वाढते, म्हणून शेतकरी घेतोच आणि घेणारच. चार फूट रुंद, चारशे मीटर लांब, पंचवीस मायक्रॉनचा रोल साधारण अकरा किलो भरतो. एकराला सहा रोल धरले तर सहासष्ट किलो. हजार एकरांत सहासष्ट टन, म्हणजे अख्ख्या सिल्लोड शहराचा जवळजवळ चार दिवसांचा कचरा. फरक इतकाच, की तो निव्वळ प्लास्टिकचा असतो. विकत घेताना हाही कागद मोजूनच घेतला होता, मायक्रॉन विचारून, रोल हातात तोलून.

हंगाम सरला की तो उपटायचा. निम्मा फाटून मातीतच राहतो आणि पुढच्या वर्षी नांगराला चिंध्या गुंडाळल्या जातात. उरलेल्याला माती, मुळे आणि मिरचीची वाळकी रोपे चिकटलेली असतात, म्हणून भंगारवाला तो घेत नाही. एक दिवस तो बांधाच्या बाभळीवर फडफडतो. मग कापसाची पऱ्हाटी गोळा झाली की तिच्याबरोबर त्यालाही काडी लागते. संध्याकाळी घाटाकडच्या रस्त्यावरून जाताना काळ्या धुराचा हा पट्टा दिसतो. शेजारून मिरचीचा ट्रक जातो, ड्रायव्हरच्या खिशात निव्वळ वजनाची पावती असते.