दोरी, फुलं आणि दगड

युद्धातून जीव वाचवून आलेल्या माणसाला छावणीत ताडपत्रीखाली जागा मिळते, शिधा मिळतो. पण रात्री कुठे पत्रा वाजला की तो दचकून उठतो, घामानं निथळतो. पत्राच वाजला हे त्याला कळतं, तरी छातीतली धडधड थांबत नाही. हा भित्रेपणा नव्हे, आजार आहे. आघातोत्तर तणाव विकार, म्हणजेच पीटीएसडी, या नावानं त्याला अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत जागा मिळाली ती १९८० साली.

शास्त्रज्ञांच्या मते, जिवावर बेतलेल्या प्रसंगातला आवाज, वास, भीती मेंदूतला अमिग्डाला पक्की धरून ठेवतो. ते कुठे, केव्हा घडलं हा संदर्भ जोडण्याचं मेंदूतल्याच हिप्पोकॅम्पस या भागाचं काम मात्र विस्कळीत होतं. त्यामुळे धूर दिसताच गावाकडचं घर आत्ता, डोळ्यांदेखत जळू लागतं. निर्वासिताच्या वाट्याला तर असा एकच प्रसंग येत नाही. मारहाण, उपासमार, मुलांची ताटातूट हे सगळं साचत जातं आणि जितके आघात जास्त, तितका आजाराचा धोका वाढतो.

जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या संशोधकांनी यासाठी नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी ही उपचारपद्धती घडवली. माणूस जमिनीवर आपल्या आयुष्याची दोरी पसरतो. सुखाच्या प्रसंगी फूल, आघाताच्या जागी दगड. मग जन्मापासून क्रमानं सांगत जायचं आणि दगडापाशी थांबायचं. तेव्हा काय दिसलं, अंगातून काय गेलं, आज सांगताना काय होतंय? समुपदेशक ते लिहून घेतो, पुढच्या भेटीत वाचून दाखवतो. सुट्या पडलेल्या आठवणीला हळूहळू तिचं गाव आणि साल परत मिळतं.

युगांडातल्या नाकिवाले वसाहतीत रवांडा आणि सोमालियाच्या २७७ निर्वासितांवर झालेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांनी या उपचारातल्या सुमारे ७० टक्के लोकांना पीटीएसडीचे निकष लागू होत नव्हते. साध्या समुपदेशनात हे प्रमाण ६५ टक्के होतं, उपचार न मिळालेल्यांत ३७. दोन पद्धतींतलं अंतर फारसं नाही. मला खरी मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट : हे उपचार करणारे डॉक्टर नव्हतेच. खास प्रशिक्षण दिलेली, निर्वासितांमधलीच साधी माणसं होती ती.

संघर्षग्रस्त भागांत दर पाच माणसांमागे एकाला कुठला ना कुठला मानसिक विकार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा अंदाज आहे. एवढे मानसोपचारतज्ज्ञ कुठल्याच छावणीला मिळणार नाहीत. म्हणून ताडपत्री आणि धान्याच्या खर्चाशेजारीच अशा समुपदेशकांच्या पगाराची तरतूद पहिल्या दिवसापासून व्हायला हवी.