मेथी सोडू नका, कॅल्शियमचे पाकीट तपासा

हृदयाची झडप बदलून घरी आलेल्या रुग्णाच्या ताटातून सर्वांत आधी हद्दपार होते ती पालेभाजी. वॉरफेरिन किंवा असेनोकुमॅरॉल सुरू आहे, पालेभाजीत ‘के’ जीवनसत्त्व असते, म्हणून मेथी बंद, पालक बंद, वरणावरची कोथिंबीरसुद्धा बंद! काळजी खरी, पण हिशेब चुकीचा.

रक्त गोठवणारे काही घटक तयार करायला यकृताला ‘के’ लागते. एकदा वापरलेले ‘के’ शरीर पुन्हा वापरात आणते; ही गोळी नेमकी तीच वाट अडवते. रक्त खरे तर पातळ होत नाही, उशिरा गोठते. किती उशिरा, ते आयएनआर सांगतो. बहुतेकांचा तो २ ते ३ दरम्यान ठेवतात, काही झडपांसाठी थोडा जास्त. खूप खाली गेला तर गुठळीची भीती, खूप वर गेला तर रक्तस्रावाची.

गोळीचा डोस तुमच्या नेहमीच्या जेवणासकट बसवलेला असतो. १०० ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे ४८० मायक्रोग्रॅम ‘के’ असते. प्रौढाची रोजची गरज साधारण १०० च्या आसपास. एरवी पालेभाजीला न शिवणाऱ्याने हिवाळ्यात मेथी स्वस्त झाली म्हणून आठवडाभर खाल्ली, तर आयएनआर घसरू शकतो. थोडी खा, पण नेमाने खा.

मग रोज थोडे ‘के’ गोळीतूनच दिले तर? इंग्लंडमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कारण नसताना आयएनआर वरखाली होणाऱ्या रुग्णांना रोज १५० मायक्रोग्रॅम ‘के’ दिले. चढउतार कमी झाले. नंतरच्या अभ्यासांत फायदा तितका ठळक दिसला नाही. २०१२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी ते सरसकट देऊ नये असे सुचवले. म्हणजे हा प्रयोग डॉक्टरांनी, डोस बदलत, आयएनआर तपासत करायचा.

आपल्याकडे मात्र तो नकळत होतो. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या कॅल्शियमच्या अनेक गोळ्यांत ‘के२-७’ असते. ते शरीरात बरेच दिवस टिकते आणि अगदी थोड्या मात्रेतही आयएनआर खाली आणू शकते. अशी गोळी काही महिने चालू असेल, तर घाबरून एकदम बंदही करू नका. तुमचा डोस एव्हाना तिच्यासकट ठरला असेल. ती थांबली की आयएनआर वर चढेल. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा.