दोन रंगांची कानटोपी

चेन्नईत जानेवारीच्या पहाटेही पारा साधारण २० ते २१ अंशांवर असतो. लोकरीच्या टोपीची तेथे फारशी निकड नाही. तरीही लोकरीच्या हातकामाची हौस या शहरात मोठी आहे. २०१६ मध्ये ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटातील स्त्रियांनी येथेच ११,१४८.५ चौरस मीटरांची क्रोशाची चादर जोडून जागतिक विक्रम नोंदविला. क्रोशाकडून दोन सुयांच्या विणकामाकडे व पुढे दुरंगी नक्षीकडे वळू इच्छिणाऱ्या व्यक्तीने आरंभ कानटोपीपासून करावा, हे उत्तम.

टोपी गोल विणली जाते, हे त्याचे कारण होय. सपाट विणताना दर दुसरी ओळ उलट बाजूने येते व नक्षी दृष्टीआड होते. दोन्ही टोके असलेल्या चार सुयांवर किंवा गोल सुईवर मात्र सुलट बाजू सदैव समोर राहते. तक्त्यावरील एक चौकोन म्हणजे एक टाका. प्रत्येक फेरा उजवीकडून डावीकडे वाचावयाचा. मार्गळी महिन्यात दारापुढे ठिपके मांडून कोलम रेखणाऱ्या हातांना ही मोजदाद नवी नाही. ठिपक्यांभोवती वळसे घेणारा कोलम मात्र टाक्यांत नीट उतरत नाही. सरळ रेषांचा उतरतो, पण किंचित बसका. कारण टाका उंचीपेक्षा रुंद असतो.

डोक्याचा घेर ५५ सेंटिमीटर असल्यास टोपी ४८ सेंटिमीटरांची पुरते. १० सेंटिमीटरांत २० टाके बसत असतील, तर ९६ टाके घालावेत. या संख्येस ४, ६, ८ व १२ यांनी नि:शेष भाग जातो, म्हणून नक्षी फेऱ्याच्या सांध्यावर तुटत नाही. काठ १० नंबरच्या सुयांवर एक सुलट, एक उलट असा विणावा व नक्षीस ८ नंबरच्या सुया घ्याव्यात. (आकडा वाढतो तशी सुई बारीक होते.)

खरी कसोटी टोपीच्या आतील बाजूस असते. शेटलंडमधील फेअर आइल बेटाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या या पद्धतीत एका फेऱ्यात दोनच रंग चालतात. जो रंग विणला जात नाही, त्याचा धागा टाक्यांमागून आडवा जातो. नवशिका हा धागा हमखास ओढून घेतो. पुढून नक्षी सुबक दिसते, पण टोपी डोक्यात शिरत नाही. यास्तव रंग बदलण्यापूर्वी उजव्या सुईवरील टाके बोटांनी पसरावेत आणि मागचा धागा त्या रुंदीइतका सैल सोडावा. तो ५ टाक्यांहून लांब जात असेल, तर मध्ये एकदा विणत्या धाग्याशी पीळ द्यावा. एरवी टोपी घालताना त्यात बोट अडकते. दोन धाग्यांपैकी जो खालून येतो त्याचा रंग अधिक उठून दिसतो. म्हणून नक्षीचा धागा सदैव खालून आणावा. मधेच क्रम बदलल्यास तेवढीच नक्षी फिकी पडते.

माथ्याशी एकच रंग ठेवावा. एका फेऱ्यात दर १२ टाक्यांतील शेवटचे दोन एकत्र विणावेत, पुढचा फेरा साधा विणावा. नंतर हीच घट दर ११, मग दर १० टाक्यांवर. उरलेल्या ८ टाक्यांतून धागा ओवून आवळावा. मागील आडव्या धाग्यांमुळे टोपीस जणू अस्तरच लाभते. चेन्नईत ती पेटीत राहील. उदगमंडलमच्या डिसेंबरात मात्र उपयोगी पडेल.