वजन घटवण्याचा गट किती जणांचा असावा?

बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत इन्फोसिस, विप्रोसारख्या कंपन्यांचे हजारो कर्मचारी दिवसभर बसून काम करतात. तेथे आहार-व्यायामाच्या सवयी बदलणारा कार्यक्रम आखताना एका गटात किती जण घ्यावेत? खर्च पाहिला, तर मोठा गट स्वस्त पडतो.

डटन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील चाचणीत स्थूल प्रौढांना यादृच्छिक पद्धतीने १२ किंवा ३० जणांच्या गटांत विभागले होते. सहा महिन्यांत लहान गटांचे वजन सरासरी ६.५ किलो घटले, मोठ्यांचे ३.२. वर्षअखेर फरक आणखी वाढला : ७.० आणि १.७ किलो. लहान गटातील लोक खाण्याची व व्यायामाची नोंद अधिक नेमाने ठेवत, हे त्यामागचे मुख्य कारण.

साधा हिशेब करून पाहा. ९० मिनिटांच्या सत्रात १२ जणांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात मिनिटे येतात. ३० जणांत तीनच. शिवाय मोठ्या गटात ‘मी वही भरली नाही तर कोणाला कळणार?’ ही पळवाट असते. सामाजिक मानसशास्त्रात याला सामाजिक आळस म्हणतात.

ऑनलाइन आधाराचे गणित थोडे निराळे आहे. व्हॉट्सॲपवर बहुतेक जण नुसते वाचतात; बारा जणांचा गट तेथे मुका पडू शकतो. म्हणून गप्पांसाठी मोठा गट चालेल. आठवड्याचे वजन आणि वही मात्र बारा जणांतच, प्रशिक्षकासमोर तपासावी.