यंत्रशाळेंतील उमेदवारी

शालान्त परीक्षेचे निकाल लागले म्हणजे आपल्या समाजांतील बहुतेक घरांत एक लहानशी सभा भरते. आजोबा अध्यक्षस्थानीं असतात, वडील आणि काका अनुकूल-प्रतिकूल मतें मांडतात, आणि ज्याच्या भवितव्याचा निर्णय व्हावयाचा तो मुलगा बहुधा दाराआड उभा असतो. वैद्यक, वकिली, बँक, संगणक अशीं नांवें एकामागून एक निघतात. यंत्रशाळेचें नांव मात्र कोणी काढीत नाहीं. आणि काढलेंच, तर गुण कमी पडलेल्या मुलाची कोठें तरी सोय लावावयाची म्हणून. घरांतील घड्याळ, पंखा, सायकल उघडून पाहिल्यावांचून ज्याला चैन पडत नाहीं अशा मुलावर या सभेंत पुष्कळदां अन्याय होतो, असें आमचें मत आहे. म्हणून यंत्रशाळेंत मुलगा काय शिकतो आणि कसा शिकतो, हें वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

‘उमेदवार’ हा शब्द आपल्यास परका नाहीं. कचेरींत बिनपगारी लेखणी घासून, जागा केव्हां रिकामी होते याची वाट पाहणारे उमेदवार मागच्या पिढ्यांनीं पुष्कळ पाहिले. यंत्रशाळेंतील उमेदवार वाट पाहत बसत नाहीं. त्याची उमेदवारी हेंच त्याचें शिक्षण. इंग्लंडांत ही पद्धति कायद्यानें बांधलेली होती. १५६३ सालच्या कायद्याप्रमाणें सात वर्षें उस्तादाच्या हाताखालीं काढल्यावांचून कोणास कसबाचा धंदा करतां येत नसे. हा निर्बंध १८१४ सालीं उठला. तो अमलांत असतांनाच हेन्री मॉडस्ले हा अठरा वर्षांचा तरुण लंडनमधील प्रसिद्ध कुलूपकार जोसेफ ब्रामा याच्या कारखान्यांत नोकरी मागावयास आला. बाराव्या वर्षीं वुलिचच्या तोफखान्यांत काडतुसें भरण्यापासून त्यानें सुरुवात केली होती, पुढें सुतारकाम आणि लोहारकाम शिकला होता. पण रीतसर सात वर्षांची उमेदवारी त्याच्या पदरीं नव्हती. ब्रामाच्या जुन्या कारागिरांना असला माणूस बरोबरीनें नको होता. सॅम्युएल स्माइल्स यानें १८६३ च्या आपल्या ग्रंथांत पुढील हकीकत दिली आहे. मॉडस्लेनें तेथें पडलेला एक झिजलेला शेगडा, म्हणजे बाकाला बसविलेला व्हाइस, मागून घेतला आणि संध्याकाळीं सहा वाजण्यापूर्वीं तो दुरुस्त करून देण्याचें पत्करलें. पोलादी जबडे नीट बसविले, त्यांना दांते पाडले, पाणी दिलें, आणि सहाच्या आंत शेगडा इतका साफ करून पुढें ठेवला कीं कारागिरांचा आक्षेप तेथेंच मिटला.

हाच मॉडस्ले पुढें स्वतःच्या कारखान्याचा धनी झाला आणि आटे पाडणाऱ्या लेथला त्यानें जी अचूकता आणून दिली तिच्यामुळें यंत्रविद्येच्या इतिहासांत अमर झाला. पण आमच्या वाचकांच्या दृष्टीनें त्याच्या कारखान्यांतील दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. भरपूर फी देऊन येणाऱ्या सुखवस्तु घरच्या मुलांचा त्याला इतका त्रास झाला होता कीं त्यानें असे उमेदवार घेणेंच बंद केलें. उशिरां यावें, हात काळे होऊं देऊं नयेत, आणि इतरांचीही शिस्त मोडावी, असा त्यांचा क्रम असे. १८२९ सालीं एडिंबरोच्या एका नामांकित चित्रकाराचा मुलगा, जेम्स नास्मिथ, त्याच्याकडे आला, तेव्हां त्यालाही आधीं नकारच मिळाला. मॉडस्ले त्याला कारखाना दाखवीत असतां बॉयलरजवळ कांहीं माणसें भट्टींतील राख काढीत होतीं. तेवढें काम जरी आपणांस दिलें तरी आपण स्वतःस भाग्यवान समजूं, असें नास्मिथ म्हणाला; आणि म्हाताऱ्याचें मन पालटलें. त्यानें मुलाचीं चित्रें आणि त्यानें स्वतः केलेलें वाफेचें लहान यंत्र पाहिलें, व त्याला आपल्या खाजगी कार्यशाळेंतच जागा दिली.

पहिल्या वर्षीं नास्मिथला आठवड्याला दहा शिलिंग मिळत. वडिलांकडून पैसे मागवावयाचे नाहींत असा त्याचा निश्चय. खाणावळीचा खर्च झेपेना, तेव्हां तेलाच्या दिव्यावर मंद शिजविणारें एक भांडें त्यानें स्वतः आंखून टिनकाम करणाऱ्याकडून करवून घेतलें. सकाळीं जिन्नस भरून दिवा लावावा आणि संध्याकाळीं परत यावें तों जेवण तयार! आपल्याकडे इकमिक कुकर येण्याच्या कितीतरी आधींची ही युक्ति आहे. वाफेच्या घणाची मूळ कल्पना याच मुलानें १८३९ सालीं कागदावर उतरविली.

विलायतेंतील ही उदाहरणें तेथील झालीं, आपल्या घरांचें काय, असें कोणी विचारील. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे आपल्याच समाजांतले. चित्रकला शिकण्यासाठीं ते मुंबईस जे. जे. स्कूलमध्यें गेले, रंगांधळेपणामुळें रंगकाम सोडून यांत्रिक आलेखनाकडे वळले, १८८७ सालीं निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेंत तें शिकवूंही लागले. तेथेंच राहून पेन्शन घेतलें असतें तर कोणी नांव ठेवलें नसतें. परंतु बेळगांवचें सायकलींचें दुकान, मग कडबा कापण्याचें यंत्र, मग लोखंडी नांगर असें करीत १९१० सालीं औंध संस्थानच्या आश्रयानें कुंडलजवळील माळावर त्यांनीं कारखाना उभारला. शिकलेल्या माणसानें लोखंडाला हात लावला म्हणजे काय होऊं शकतें, याचा पुरावा शोधण्यास आपल्याला दूर जावें लागत नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलणें बरें. लोहार, सुतार, तांबट, कासार यांच्या घरांत हाताची विद्या बापाकडून मुलाकडे शेंकडों वर्षें चालत आली. आणि आपण लिहिणारे-वाचणारे लोकांनीं तिला विद्या म्हणून गणलेंच नाहीं. पुण्याच्या तांबट आळींत तांब्याच्या भांड्यावर एकसारखे ठोके पाडणाऱ्या कारागिराला जें ठाऊक असतें तें पुस्तकांत नव्हतें, एवढ्यावरून आपण तें ज्ञानच नव्हे असें ठरविलें. यंत्रशाळेंत पहिल्या दिवशीं हा गर्व उतरतो, कारण तेथें पहिलें पाठ्यपुस्तक म्हणजे कानस.

नव्या उमेदवाराला नरम पोलादाचा एक तुकडा देतात आणि सांगतात, हा सपाट कर व याचे कोपरे काटकोनांत आण. काम ऐकावयास पोरखेळ वाटतें. चार दिवसांत तळहाताला फोड येतात, आणि तुकडा पाहावा तों मध्यें उंच, कडांना उतरता, कासवाच्या पाठीसारखा! याचें कारण असें कीं कानस पुढें जाऊं लागली म्हणजे तिचा तोल सारखा बदलतो. आरंभीं पुढच्या, म्हणजे डाव्या हाताचा दाब अधिक हवा, मध्यावर दोन्ही हातांचा समान, शेवटीं उजव्याचा अधिक; हा बदल अंगवळणीं न पडल्यास कानस झोपाळ्यासारखी डुलते आणि दोन्ही कडा खाऊन टाकते. कानस पुढें जातांनाच कापते. परत आणतांना दाब दिला तर धातु निघत नाहीं, नुसते दांते बोथट होतात. बिनमुठीची कानस तर हातीं धरूंच नये. तिचें टोंक तळव्यांत घुसतें. तुकड्यावर गुण्या ठेवून उजेडाकडे धरला कीं फटींतून येणारी प्रकाशाची रेघ उमेदवाराचे दोष सांगते. पुढें बिडाच्या सपाट लादीला निळा रंग पुसट लावून त्यावर तुकडा फिरवितात. जेथें रंग लागतो तो उंचवटा.

पण ती लादी तरी सपाट कशावरून? हा प्रश्न चौकस मुलगा विचारतोच. दोन लाद्या एकमेकींवर घासून जुळविल्या तर एक फुगीर व दुसरी खोलगट असूनही त्या तंतोतंत बसूं शकतात. म्हणून तीन लाद्या घ्याव्या लागतात: पहिली दुसरीशीं, दुसरी तिसरीशीं, तिसरी पहिलीशीं, अशा तिन्ही जुळल्या तरच तिन्ही सपाट. दोन खोट्यांचें एकमेकांत जमतें, तिसरा आला कीं उघडें पडतें. मॉडस्लेच्याच कारखान्यांत काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४० सालीं या विषयावर निबंध वाचला होता. न्यायशास्त्र पढलेल्या आपल्या पूर्वजांना ही युक्ति खचित आवडली असती.

कानशीचें हें शिक्षण किती दिवस चालावें, यावर मतभेद आहेत. धातु किती निघाला हें हाताला कळूं लागेपर्यंत तें अवश्य आहे. पण महिनोन्महिने नुसती कानस चालविण्यास आणि फरशी झाडण्यास लावणें हें शिक्षण नव्हे, कारखानदाराची काटकसर आहे.

पुढें लेथ येतो. येथें काम फिरतें आणि हत्यार स्थिर राहून तें कातीत जातें. मिलिंग यंत्रावर याच्या उलट, हत्यार फिरतें आणि काम त्याखालून सरकतें. लेथजवळ जाण्यापूर्वीं शिकवणारा मिस्त्री मुलाचे कपडे पाहतो. लोंबती बाही, बोटांतील अंगठी, गळ्यांतील साखळी, मनगटावरील दोरा, सदऱ्याबाहेर डोकावणारें जानवें, यांपैकीं कांहींही फिरत्या चकांत अडकलें तर यंत्र माणूस व लोखंड यांत भेद करीत नाहीं. पुष्कळांस आश्चर्य वाटेल, पण फिरत्या कामाजवळ हातमोजेही वर्ज्य आहेत. मोजा अडकला कीं हात ओढला जातो. चक आवळण्याची चावी चकांतच विसरून यंत्र सुरू केलें तर ती गोळीसारखी सुटते, म्हणून चावीवरील हात चावी बाहेर काढल्यावरच सुटावा अशी संवय लावतात. निघणारा पोलादाचा लांब कीस निळसर, सुंदर आणि वस्तऱ्यासारखा धारदार असतो. तो हातानें नव्हे, आंकड्यानें काढावयाचा. घरच्या मंडळींनीं मुलाच्या श्रद्धेच्या वस्तूंबद्दल आग्रह धरण्यापूर्वीं एवढें ध्यानांत घ्यावें.

मापाची गोष्ट तर वेगळीच. जुने कारागीर इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, या हिशेबानें बोलत. आतां उमेदवाराच्या हातीं मायक्रोमीटर येतो. त्याच्या मळसूत्राचा एक फेरा अर्ध्या मिलिमीटरचा, आणि फिरत्या नळीवर पन्नास खुणा. म्हणजे एक खूण मिलिमीटरचा शंभरावा भाग. कातल्यामुळें तापलेला दांडा लगेच मोजला तर तो मोठा भरतो. शंभर मिलिमीटर व्यासाचा पोलादी दांडा वीस अंशांनीं अधिक गरम असेल तर सुमारें दोन शतांश मिलिमीटर फुगलेला असतो. घाईनें मोजून ‘बरोबर’ म्हटलेला दांडा थंड झाल्यावर लहान निघतो आणि भंगारांत जातो. याच कारणासाठीं मापाचें प्रमाण तपमान जगभर वीस अंश सेल्सिअस धरलेलें आहे. येथें वादविवादाला, वशिल्याला, वक्तृत्वाला जागा नाहीं, आणि बोलण्यांत पटाईत अशा आपल्या मुलांना याचा प्रथम मोठा धक्का बसतो.

आतां व्यवहाराचें. स्वतंत्र भारतांत १९५० पासून कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू झाली, व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून यंत्रकारागिराचा, म्हणजे मशिनिस्टचा, अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. त्यांत बाकावरचें काम, लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग आणि शेवटीं संगणकानें चालणारीं सीएनसी यंत्रें, असा क्रम असतो. मुलींनाही तेथें प्रवेश आहे, हें मुद्दाम सांगतों. कारखान्यांतील उमेदवारीस १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम लागू आहे. करार लेखी होतो, विद्यावेतन मिळतें; परंतु कायद्याच्या दृष्टीनें उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे; आणि करारांत तसें कलम नसेल तर मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचें बंधन कारखान्यावर नाहीं. हें आधीं ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ घरीं मागाहून चडफड होते.

सीएनसी आल्यावर हाताच्या कसबाचें काय काम, असें संगणक शिकलेले काका विचारतील. यंत्राला अंक देणारा माणूस हत्याराची धार गेली हें आवाजावरून ओळखीत नसेल, काम शेगड्यांत वांकडें धरलें आहे हें त्याला दिसत नसेल, तर तें यंत्र चुकीचे भागच अचूकपणें काढीत राहतें. तथापि केवळ जुन्या लेथवर मुलाला अडकवून ठेवणारा कारखानाही आम्ही पसंत करणार नाहीं.

म्हणून वडील मंडळींनीं करारावर सही करण्यापूर्वीं एकदां स्वतः जाऊन यावें. फिरत्या यंत्रांना आडपडदे आहेत कीं नाहींत, डोळ्यांवर चष्मे आहेत कीं नाहींत, शिकविण्यासाठीं स्वतंत्र माणूस नेमला आहे कीं काम उरकतां उरकतां शिकवितात, हें पाहावें. उमेदवाराच्या नोंदवहींत कोणत्या यंत्रावर किती दिवस काढले तें लिहिलेलें असतें. सहा महिन्यांनीं ती मागून वाचावी. तींत एकाच यंत्राचें नांव पानोपानीं दिसलें तर घरांत रागावण्याऐवजीं प्रशिक्षण पाहणाऱ्या अधिकाऱ्याला विनयानें पण लेखी विचारावें. आणि घरांतील स्त्रियांस एवढेंच सुचवितों कीं तेलकट कपड्यांची घडी सोवळ्याच्या दोरीपासून दूर, परंतु घरांतच असावी, व चिंध्यांबरोबर ते धुवावयास टाकूं नयेत. खिशांत पोलादाचे कीस असतात, ते हाताला लागतात.