एका ब्रेकची कैफियत

बुऱ्हाणपुरातील माझ्या जुन्या जीपचे दप्तर परवा चाळताना ध्यानात आले की, गेल्या तीन पावसाळ्यांतील बहुतेक पावत्या एकाच व्याधीच्या आहेत. केळीच्या बागांतील चिखल आणि असीरगडची उतरण ही या गाडीची नित्याची वाट. आणि तिच्या दोषाची पहिली साक्ष दिली ती गडाखालच्या मुरमानेच, कारण करकचून ब्रेक दाबला तरी घसरल्याचे ओरखडे उमटत ते केवळ पुढच्या चाकांचे.

पहिल्या वर्षी मागचे ब्रेक मंद झाले म्हणून लायनिंग बदलले, दुसऱ्या वर्षी व्हील सिलिंडरचे किट घातले, तिसऱ्या वर्षी मागचे ब्रेक पुरते निकामी झाले तेव्हा मास्टर सिलिंडरवर गदा आली. प्रत्येक वेळी निपल ढिले करून हवा काढण्याचा सोपस्कार झाला. वास्तविक हवा शिरली असती तर पेडल लिबलिबीत लागले असते. आमचे तर दगडासारखे घट्ट होते, परंतु त्या साक्षीची शहानिशा करण्याची तसदी कोणी घेतली नाही.

तपासाची रीत मला अखेर शिकविली ती आमच्या कुंडी भंडाऱ्याने. १६१५ साली, अब्दुल रहीम खान-ए-खानानच्या सुभेदारीत, इराणी तज्ज्ञ तबकुतुल अर्ज याने सातपुड्याचे झरे भुयारी मार्गाने शहराकडे वळविले आणि त्या मार्गावर शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी उभी विवरे, ठेवल्या. चुन्याच्या थरांनी प्रवाह कोठे कोंडला हे पाहावयाचे तर कुंडीमागून कुंडी उतरावी. त्या कुंड्यांना हवा हवीच, ब्रेकच्या नळीला मात्र हवा म्हणजे विष. परंतु नळीचे सांधे ह्याच तिच्या कुंड्या, हे तेथे उभे असताना उमगले.

दुसऱ्याच दिवशी मागची चाके जॅकवर चढवून एकाला पेडल दाबावयास बसविले. दोन्ही निपल कोरडे. चेसिसवर, जेथे लोखंडी नळी संपून मागच्या आसाकडे जाणारी रबरी नळी जोडलेली असते, तो सांधा सैल करताच ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली. पलीकडे ती वीतभर नळी बाहेरून अगदी धडधाकट. सुरीने उभी चिरली तेव्हा आतले रबर फुगून, सुईच्या नेढ्याएवढीही वाट शिल्लक नव्हती.

नळी बदलली, हवा काढली, आणि त्याच संध्याकाळी मुरमावर चारही चाकांच्या खुणा उमटल्या. दप्तरातील सर्वांत लहान रकमेची पावती त्या दिवशीची आहे.