घाटाचा उतार आणि स्टिअरिंगमागची दोन पाती

बुलढाणा जिल्ह्यात नव्या माणसाची ओळख करून घेताना एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘तुम्ही घाटावरचे की घाटाखालचे?’ अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे असे दोन भाग केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा व सिंदखेड राजा हे तालुके पठारावर. तर मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हे खालच्या सखल प्रदेशात. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण वर आणि रेल्वे खाली. त्यामुळे गाडी पकडण्यासाठी मलकापूर गाठायचे असो वा व्यापारासाठी खामगाव, बुलढाणेकरास राजूर घाट किंवा बोथा घाट उतरावाच लागतो.

अलीकडे आपल्या समाजातील अनेक कुटुंबे स्वयंचलित गिअरची मोटार घेऊ लागली आहेत. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना आणि नव्याने चालवू लागलेल्या सुनांना ती सोयीची वाटते. खरेदीच्या वेळी एक प्रश्न हटकून निघतो : स्टिअरिंगच्या मागे बसवलेली ती दोन पाती, म्हणजे ‘पॅडल शिफ्टर’, असलेली महाग आवृत्ती घ्यावी काय? आमच्या घरी या प्रश्नाचे उत्तर राजूर घाटाने दिले.

गाडी दोन वर्षांची होती. आई, वडील, पत्नी, मुले आणि सामान असा पूर्ण भार घेऊन आम्ही मलकापूरला रेल्वे पकडण्यास निघालो होतो. गिअरचा दांडा नेहमीप्रमाणे ‘डी’वर होता. उतार लागताच गाडी वेग घेऊ लागली आणि माझा पाय ब्रेकवर गेला, तो तिथेच राहिला. काही वळणांनंतर जळकट वास येऊ लागला. आईने विचारले, “काही जळतंय का रे?” पुढच्या वळणावर पेडल नेहमीपेक्षा खोल गेले आणि गाडी हवी तितकी थांबेना. कशीबशी ती कडेला घेतली. अर्धा तास थांबून आम्ही सावकाश खाली उतरलो. रेल्वे चुकली, पण त्या दिवशी तेवढ्यावरच निभावले, हे आमचे सुदैव.

मोताळ्यात गाडी तपासणाऱ्या मिस्त्रींनी एकच प्रश्न केला. “भाऊ, पूर्ण घाट ‘डी’मध्येच उतरवला ना?” मग त्यांनी स्टिअरिंगमागच्या पात्यांवर बोट ठेवले. “हे काय शोभेला आहे का?” खरोखर, दोन वर्षे ते शोभेलाच होते. गाडी विकताना त्यांचे वर्णन ‘स्पोर्टी’ या एका शब्दात झाले होते आणि आम्हीही अधिक काही विचारले नव्हते.

पॅडल शिफ्टरचा जन्म शर्यतीच्या मैदानावर झाला, हे खरे आहे. १९८९ च्या मार्च महिन्यात ब्राझीलमधील फॉर्म्युला वन शर्यत नायजेल मॅन्सेल याने जिंकली, ती फेरारीच्या अशा गाडीतून की जिचे गिअर स्टिअरिंगमागील पात्यांनी बदलत. हात स्टिअरिंगवरून न काढता गिअर बदलता यावा, हा त्यामागील हेतू. १९९७ मध्ये फेरारीनेच ही सोय रस्त्यावरील गाडीत आणली. पुढे ती साध्या कौटुंबिक गाड्यांपर्यंत पोहोचली. आपल्याकडे २०२२ च्या ब्रेझा व अर्टिगा या गाड्यांच्या स्वयंचलित आवृत्त्यांतही ती आहे. सामान्यतः उजवे पाते ओढले की वरचा गिअर पडतो, डावे ओढले की खालचा. आपल्या घाटात कामाचे आहे ते हे डावे पाते.

त्याचे कारण साध्या हिशेबाने समजेल. माणसांसह दीड हजार किलोची गाडी तीनशे मीटर खाली उतरली, तर सुमारे ४४ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेने चौदा लिटर साध्या पाण्याला उकळी फुटेल! यातील काही भाग हवेचा आणि रस्त्याचा रोध घेतो. उरलेला सारा ब्रेकच्या चकत्यांनी पचवावा, अशी आपण अपेक्षा करतो. ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते. त्यातच ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषत असते. ‘डॉट-४’ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा धरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ते उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागते. आमचे नेमके तेच झाले होते.

खालच्या गिअरमध्ये चाकांच्या प्रत्येक फेऱ्यामागे इंजिन अधिक वेळा फिरते. ॲक्सिलरेटर सोडलेला असताना त्या इंजिनाला फिरवत ठेवण्यातच गाडीचा जोर खर्ची पडतो आणि ब्रेकवरील भार हलका होतो. ट्रक चालवणारे ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. ‘ज्या गिअरने चढावे, त्याच गिअरने उतरावे’ हा त्यांचा नियम आहे. हाताने गिअर बदलणाऱ्या गाडीत आपणही तो पाळत होतो. स्वयंचलित गाडी आली आणि सोयीबरोबर ही सवय गेली. काही नव्या गाड्या उतार ओळखून स्वतःच खालचा गिअर घेतात; परंतु अनेक गाड्या ‘डी’मध्ये पाय सुटताच इंधन वाचवण्यासाठी वरच्या गिअरकडे धावतात.

मग पॅडलसाठी अधिक पैसे मोजावेत काय? केवळ तेवढ्यासाठी मोजू नयेत, असे माझे मत आहे. २०१४ मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेल्या ‘एएमटी’ गाड्यांत बहुधा पाती नसतात. पण दांड्यावरच अधिक-उणे अशी खूण असते. अनेक गाड्यांच्या दांड्यावर ‘एल’, ‘२’ किंवा ‘एम’ असते. तेही काम तितकेच चोख करते. पाती असण्याचा लाभ एवढाच की वळणावर दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात. ‘सीव्हीटी’त खरे गिअर नसतात, पाती केवळ ठरावीक पायऱ्यांचा आभास देतात, तरीही खालची पायरी धरली तर इंजिनाचा रोध मिळतोच. चिखली, मेहकर किंवा समृद्धी महामार्ग एवढाच ज्यांचा प्रवास, त्यांना पात्यांची आठवणही होणार नाही. आठवड्यातून दोनदा घाट उतरणाऱ्याने मात्र, दोन आवृत्त्यांत बाकीही उपयुक्त फरक असेल, तर पाती असलेली अवश्य निवडावी.

विजेच्या गाडीचा विचार वेगळा. काही विजेच्या गाड्यांत हीच पाती गाडीचा वेग रोखत बॅटरीत वीज परत भरण्याचे प्रमाण ठरवतात. उतारावर ही मोठीच सोय. पण रात्री घरी पूर्ण चार्ज करून सकाळी लगेच घाट उतरायला घेतला, तर भरलेल्या बॅटरीत वीज घेण्यास जागा नसते आणि हा रोध कमी होतो. बुलढाण्याहून खाली जाणाऱ्याने बॅटरी थोडी रिकामी ठेवावी.

पाती असोत वा नसोत, रीत एकच. उतार सुरू होण्यापूर्वीच दांडा ‘एम’ किंवा ‘एस’वर घ्यावा, कारण ‘डी’मध्ये पाते ओढले तर पुष्कळ गाड्या थोड्या वेळाने पुन्हा आपल्या मनाने वागू लागतात. एकेक गिअर खाली घ्यावा. इंजिनाला झेपणार नाही असा गिअर गाडी स्वतःच नाकारते, तेव्हा भिण्याचे कारण नाही. इंजिनाचा आवाज वाढेल, तो दोष नव्हे. ब्रेक अधूनमधून ठामपणे लावून सोडावा. इंजिनाच्या रोधाने मागचा लाल दिवा लागत नाही, म्हणून मागे वाहन असेल तर ब्रेकला हलका स्पर्श करावा. इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणे तर सर्वथा टाळावे. गिअरमध्ये पाय सोडलेला असताना आजची इंजिने इंधन जवळजवळ बंदच करतात, न्यूट्रलमध्ये उलट ते जळत राहते. ब्रेक ऑइल सर्वसाधारणपणे दोन वर्षांनी बदलून घ्यावे.

आता घाटाच्या तोंडाशी वडील आपणहून विचारतात, “खालचा गिअर घेतलास?” उतारावर आपल्याबरोबर इतरांचेही जीव असतात. पहाटे कडेने चालणारे शेतमजूर असतात, विहारास निघालेले साधू-साध्वी असतात. स्टिअरिंगमागची दोन पाती विकत मिळतात. पण योग्य वेळी ती ओढण्याची सवय स्वतःलाच लावून घ्यावी लागते. येत्या रविवारी गाडीची माहितीपुस्तिका काढावी, रिकाम्या रस्त्यावर घरातील प्रत्येक चालकाने दहा मिनिटे सराव करावा, आणि मगच सामान भरून घाटाकडे निघावे.